प्रार्थना झाली, आता सोबत कोण जाणार?

भाकरी थापता थापता ऐकणाऱ्या, शेतातून येऊन नुकत्याच टेकलेल्या, आणि गटाच्या बैठकीत मधोमध मोबाईल ठेवून ऐकणाऱ्या सगळ्या जणींना आमचा नमस्कार.

आम्ही म्हणजे या भागातल्या बचतगटांचं काम पाहणाऱ्या बाया. आमच्यातल्या काही जणी रविवारी चर्चला जातात, काही जणी विहारात वंदनेला जातात, काही जणी गुरुवारी दत्ताला, एक-दोघी दर्ग्यालाही. पण गटाची वही उघडली की सगळ्यांचा हिशेब एकच. आणि ही वही आम्हाला एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगते. हप्ता का थकला असं विचारलं, की उत्तर येतं, "ताई, घरात आजारपण होतं." म्हणून आज आजारपणावर बोलू. आणि आजार आला की बाईचे हात दवाखान्याचा कागद शोधायच्या आधी जोडले जातात. म्हणून प्रार्थनेवरही बोलू.

ख्रिस्ती वस्तीतल्या गटांमध्ये आम्हाला एक प्रश्न वारंवार विचारला जातो. "चर्चमध्ये आजारासाठी प्रार्थना घेतली. आता गोळ्या चालू ठेवल्या, तर माझा विश्वास कमी आहे असं होतं का?" प्रश्न चर्चमधला आहे, पण देवीला नवस बोललेल्या किंवा दर्ग्यात धागा बांधून आलेल्या बाईनंही तो मनात धरून ऐकावा.

ज्यांनी ही उपासना कधी पाहिली नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे जुन्या नगर जिल्ह्यात, नेवासा, राहुरी, श्रीरामपूर, संगमनेर या भागांत गावोगावी ख्रिस्ती घरं आहेत. अमेरिकन मराठी मिशनचं काम नगरला १८३१ मध्ये सुरू झालं, तेव्हापासूनच्या कित्येक पिढ्या इथल्याच मातीतल्या. रविवारी घंटा वाजते. चपला दाराबाहेर. सतरंजीवर एका बाजूला बाया, दुसऱ्या बाजूला माणसं. पेटी, ढोलकी आणि झांजा. रेव्हरंड नारायण वामन टिळक नगरला राहत होते. त्यांनी आपल्या अभंग-भजनाच्या वळणाची ख्रिस्ती पदं लिहिली, ती आजही गायली जातात. बाहेरून जाणाऱ्याला वाटावं, भजनच चाललंय. मग वचन वाचतात, पाळकसाहेब संदेश देतात, दानार्पण होतं. कुणी दहाची नोट टाकतं, कुणी पदराच्या गाठीतून मूठभर ज्वारी.

शेवटी पाळकसाहेब म्हणतात, "आजारपणासाठी ज्यांना प्रार्थना हवी त्यांनी पुढे यावं." मग गुडघे धरलेली आजी उठते. लग्नाला सहा वर्षं होऊनही पाळणा न हललेली सून उठते. दारू पिणाऱ्या लेकाची आई उठते. डोक्यावर हात ठेवून, कपाळाला तेलाचं बोट लावून प्रार्थना होते. मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करावी असं बायबलमध्ये याकोबाच्या पत्रात सांगितलंय, त्यावरून ही रीत आली. कुठं हिला चंगाईची प्रार्थना म्हणतात, कुठं आरोग्याची.

या प्रार्थनेनं बाईला काय मिळतं ते आम्ही जवळून पाहिलंय. सबंध आठवडा जिला घरात "अगं ए" म्हणूनच हाक असते, तिचं नाव घेऊन शंभर माणसं देवाला काही मागतात. जिचं दुखणं घरात कुणी विचारत नाही, तिच्या डोक्यावर कुणी मायेनं हात ठेवतं. ती रडते, हलकी होते. त्या रात्री तिला झोप लागते. हे थोडं नाही. ज्यांना हे सगळं भाबडेपणा वाटतं, त्यांनी एकदा शेवटच्या ओळीत बसून त्या बायांचे चेहरे पाहावेत.

अडचण सुरू होते ती त्यानंतर.

आमच्या एका गटातल्या ताईंची गोष्ट सांगतो. नाव नको, गावही नको. त्यांना खोकला होता, संध्याकाळी बारीक ताप, वजन उतरलेलं. आशाताईंनी थुंकी तपासायला नेली, टीबी निघाला, सरकारी गोळ्या सुरू झाल्या. त्याच दिवसांत त्यांनी दर रविवारी प्रार्थनाही घेतली. काही आठवड्यांत ताप गेला, भूक लागली, अंगावर जरा मांस आलं. आनंदानं त्या उपासनेत साक्ष द्यायला उभ्या राहिल्या. साक्ष म्हणजे देवानं माझ्यासाठी काय केलं ते सगळ्यांपुढे सांगणं. त्या म्हणाल्या, "प्रभूनं मला बरं केलं." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

आणि त्या दिवसापासून गोळ्या बंद.

का बंद केल्या? कुणी त्यांना बंद करायला सांगितलं नव्हतं. पुढे खोकला परत आला तेव्हा त्यांनीच आम्हाला सांगितलं, "ताई, सगळ्यांपुढे बरी झाले म्हणून सांगितलं. मग गोळी खाताना शेजारणीनं पाहिलं असतं तर? मी देवाच्या दारात खोटं बोलले असं झालं असतं ना?"

मैत्रिणींनो, हे नीट ऐका. प्रार्थनेनं त्यांचं काही वाईट केलं नव्हतं. त्यांना अडकवलं ते लोकांपुढे दिलेल्या शब्दानं. टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या की काही आठवड्यांतच माणसाला बरं वाटायला लागतं, पण जंतू अजून आत असतात. साधा टीबी असला तरी उपचार निदान सहा महिन्यांचा असतो. मध्येच सोडला तर उरलेले जंतू चिवट होतात, नेहमीच्या औषधांना दाद देत नाहीत. मग उपचार जास्त कडक होतात आणि घरातल्या लेकरांनाही तोच चिवट आजार लागण्याची भीती.

त्या ताईंची पुन्हा तपासणी झाली, पुन्हा गोळ्या सुरू झाल्या आणि या वेळी त्यांनी उपचार पूर्ण केला. पण त्या मंडळीत एक चांगली गोष्ट घडली. पाळकसाहेबांनी स्वतः हा विषय घेतला. आता तिथं प्रार्थनेच्या आधी ते सांगतात, "डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणीही औषध बंद करायचं नाही." आणि साक्ष देणाऱ्या बाया म्हणतात, "मला बरं वाटतंय, देवाची स्तुती असो, माझ्या गोळ्या चालू आहेत." वाक्याला चार शब्द जोडले, एवढंच. पण त्या चार शब्दांमुळे एखादी बाई लपून नाही, उघडपणे गोळी घेते.

आता मूळ प्रश्न. गोळी घेणं म्हणजे विश्वास कमी का? याचं उत्तर बायबलमध्येच पाहू, कारण हा प्रश्न विचारणाऱ्या बाया बायबल वाचणाऱ्या आहेत.

दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट लूकच्या शुभवर्तमानात आहे. येशूनं त्यांना काय सांगितलं? जा, याजकांना दाखवा. त्या काळी कातडीचा रोग गेला की नाही ते तपासून सांगण्याचं काम याजकाचं होतं. म्हणजे खुद्द येशूनं बऱ्या होणाऱ्या माणसांना तपासणीला पाठवलं! मग आपण रक्त तपासायला, थुंकी तपासायला का घाबरायचं? देवानं बरं केलं असेल तर ते तपासणीत दिसेल. अजून बरं झालेलं नसेल तर तेही वेळेवर कळेल.

हिज्कीया राजा मरणाला टेकला होता. त्यानं रडून प्रार्थना केली, देवानं ती ऐकली. आणि त्यानंतर यशया संदेष्ट्यानं काय करायला लावलं? अंजिराचं पोटीस त्याच्या गळवावर बांधायला. प्रार्थना ऐकली गेली तरी पोटीस बांधलंच. पौलानं तीमथ्याला त्याच्या पोटासाठी आणि वारंवारच्या दुखण्यांसाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितला, तो त्या काळचा औषधी उपाय. आणि पौलाचा सोबती लूक तर वैद्यच होता.

काही जणी म्हणतात, "पण बारा वर्षं अंगावरून जाणाऱ्या त्या बाईनं वैद्यांवर सगळा पैसा घालवला, गुण आला नाही. मग येशूच्या वस्त्राला हात लावला आणि बरी झाली." खरं आहे, तसं लिहिलंय. पण आपण बाया म्हणून ती गोष्ट पुन्हा वाचू या. ती बाई मागून, लपत आली होती. तिला लाज वाटत होती, भीती वाटत होती. येशूनं तिला सगळ्यांपुढे बोलू दिलं आणि "मुली" म्हणून हाक मारली. आपल्या किती जणी अंगावरून जास्त जाणं, पांढरं जाणं, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसणं वर्षानुवर्षं लपवतात? पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं तर ते कधीही साधं समजू नका. तीस वर्षांवरच्या बायांसाठी स्तनाच्या आणि गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांमार्फत होते. त्या गोष्टीवरून आम्ही एवढंच शिकतो, की दुखणं लपवू नका.

आपल्या महाराष्ट्राचा इतिहासही हेच सांगतो. मिरजेला डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय उभं केलं, ते मिशनरी होते. नगरचं बूथ हॉस्पिटल मुक्ती फौजेचं. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या नवराबायकोनं १९७० मध्ये ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्यांनी खेड्यातल्या, अक्षरओळखही नसलेल्या, कित्येक दलित वस्तीतल्या बायांना आरोग्य सेविका म्हणून तयार केलं. त्या बायांनी गरोदर बायांची तपासणी केली, बाळंतपणं केली, लेकरांची वजनं केली. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ही सगळी प्रार्थना करणारीच माणसं होती. त्यांना प्रार्थना आणि सुई यांत भांडण दिसलं नाही. मग आपल्याला का दिसावं?

आता सगळ्यात अवघड गोष्ट बोलतो. प्रार्थना झाली, औषधही झालं, तरी माणूस बरं झालं नाही तर?

आमच्या ओळखीची एक बाई कॅन्सरनं गेली. उपचार झाले, उपास-प्रार्थना झाल्या. मातीला जमलेल्या बायांमध्ये कुणीतरी हळूच बोललं, "विश्वास कमी पडला." तिची नववीतली लेक मागेच उभी होती. नंतर तिनं आमच्यातल्या एकीला बाजूला घेऊन विचारलं, "मावशी, आईचा कमी पडला, की माझा? मी दोन रात्री प्रार्थना न करता झोपले होते."

बोलणारीला ते आठवतही नसेल. त्या पोरीला ते जन्मभर आठवेल.

म्हणून हात जोडून सांगतो. विश्वास कमी पडला, मागच्या जन्माचं पाप, आईबापाचं पाप, देवीचा कोप, हे शब्द आजाऱ्याच्या अंगणात काढू नका. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी येशूला विचारलं होतं, पाप कुणाचं, याचं की आईबापाचं? येशूनं उत्तर दिलं, याचंही नाही आणि त्यांचंही नाही. पौलाच्या शरीरात एक काटा होता. तो जावा म्हणून त्यानं तीनदा विनवणी केली. तो गेला नाही. पौलाचा विश्वास कमी होता असं म्हणायची कुणाची छाती आहे?

आणि चार माणसांनी खाटेवरून आणलेल्या लुळ्या माणसाची गोष्ट तर लहान पोरांनाही पाठ असते. गर्दीमुळे आत जाता येईना, म्हणून त्या चौघांनी छप्पर उकरलं आणि खाट खाली सोडली. आजारी माणूस स्वतः एक शब्द बोलल्याचं त्या गोष्टीत नाही. विश्वास पाहिला गेला तो खाट घेऊन आलेल्यांचा. आम्हाला वाटतं, सगळ्या विषयाचं सार इथंच आहे. पडलेल्या बाईकडे विश्वास मागायचा नसतो, तो खाट उचलणाऱ्यांनी दाखवायचा असतो. म्हणून प्रार्थना संपली की तिचा विश्वास किती, हे कुणी मोजू नये. एकच विचारावं, उद्या हिच्यासोबत दवाखान्यात कोण जाणार?

आता थोडं कामाचं बोलू. लिहून घेता आलं तर घ्या.

टीबी, साखर, बीपी, फिट आणि मनाच्या आजाराच्या गोळ्या बरं वाटलं म्हणून आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत. फिटच्या गोळ्या एकदम थांबवल्या तर मोठी फिट येऊ शकते. ज्या लेकराला इन्सुलिन लागतं त्याचं इन्सुलिन उपासाच्या दिवशीही थांबवायचं नाही. उपास-प्रार्थना असेल तर साखरेच्या आणि गरोदर बायांनी आधी डॉक्टरांना विचारावं. न जेवता केलेली प्रार्थनाच देव ऐकतो असं कुठं आहे?

टीबीचा उपचार सरकारी दवाखान्यात मोफत आहे. निक्षय पोषण योजनेत उपचार चालू असेपर्यंत खाण्यासाठी महिन्याला १००० रुपये खात्यात येतात. आशाताईंना खातं जोडलंय का ते विचारा.

साप चावला तर प्रार्थना वाटेत, गाडीत करा. पाय घट्ट बांधू नका, जखम कापू नका, माणसाला चालवू नका. १०८ ला फोन करा आणि जिथं सापाच्या विषावरची लस आहे त्या सरकारी दवाखान्यात न्या. कुत्रं चावलं तर जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस सुरू करा. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस वाचत नाही.

कुणी सारखी रडते, झोपत नाही, तिला आवाज ऐकू येतात, जीव द्यावासा वाटतो, तर तिला भूत लागलंय म्हणून मारहाण करायची नाही, कोंडायचं नाही. टेली मानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, कोणत्याही वेळी लागतो. मराठीत बोलता येतं. प्रार्थनाही करा, फोनही करा.

कायद्याचंही सांगतो. महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाण्यापासून अडवून मंत्र-तंत्र, गंडादोरा करणं हा त्यात गुन्हा आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारणंही गुन्हा आहे. मात्र मंदिर, दर्गा, चर्च अशा ठिकाणी होणाऱ्या ज्या धार्मिक विधींनी कुणाच्या शरीराला किंवा पैशाला इजा होत नाही, त्यांना या कायद्याचा अडसर नाही. तेव्हा आमच्या प्रार्थनेवर बंदी येईल का, ही भीती बाळगू नका. आणि प्रार्थनेसाठी, तेलाच्या बाटलीसाठी कुणी हजारो रुपये मागू लागलं, तर पर्स बंद करा आणि गटात येऊन सांगा.

पैशाचं तर आपल्या हातात आहे. आपल्या दशसूत्रीत आरोग्य आहेच. आजारपणासाठी अंतर्गत कर्ज मागणाऱ्या बाईला पुढच्या बैठकीपर्यंत थांबवू नका, तातडीनं चार जणी बसून ठराव करा. ग्रामसंघाकडे जोखीमप्रवणता निधी असतो. तो अशाच वेळी वापरायचा, वहीत राखून ठेवायला नाही. सावकाराच्या दारात जायची वेळ आणण्यापेक्षा ते बरं.

शेवटी या आठवड्यासाठी एक काम. पुढच्या बैठकीत, ती चर्चच्या ओसरीवर होवो, समाजमंदिरात होवो की देवळाच्या पारावर, आधी आपापल्या रीतीनं आजाऱ्यांसाठी दोन मिनिटं शांत बसा. ज्यांना प्रार्थना करायची त्यांनी करा. मग वही उघडा आणि एक नवा रकाना आखा. एका बाजूला आजारी बाईचं नाव, दुसऱ्या बाजूला तिच्यासोबत दवाखान्यात जाणारीचं नाव आणि जायचा वार. दुसरी बाजू रिकामी ठेवून बैठक उठवायची नाही.

पुढच्या महिन्यात आम्ही गटांना भेटायला येऊ, तेव्हा बचतीच्या पानाआधी हे पान पाहू. तोवर सांभाळून राहा, गोळ्या वेळेवर घ्या. नमस्कार.